नऊ नंबरचं टेबल

१

वाचनालयात चौदा टेबलं होती. ती मावशी रोज संध्याकाळी पावणेसहाला मेणकापडानं झाकायच्या आणि रोज सकाळी सव्वाआठला उघडायच्या. सव्वीस वर्षं हा क्रम चालू होता. मधल्या काळात दोन ग्रंथपाल निवृत्त झाले, छताचे पंखे बदलले, मावशींचे गुडघे कामातून गेले, पण मेणकापडाला सुट्टी नव्हती.

कारण वर वटवाघळं होती. दालनाच्या छताला कडेकडेनं एक रुंद लाकडी पट्टी फिरवली होती आणि तिच्यामागे त्यांची वसाहत होती. तीनशे तरी असतील, अंगठ्याएवढी, करड्या अंगाची. फळांवर ताव मारणारी ती मोठी थोराड वटवाघळं नव्हेत. ही किडे खाणारी. दिवे मालवले की पट्टीमागून सुटायची, दालनात दहा-पंधरा मिनिटं घिरट्या घालून कपाटांवरची पाखरं आणि कसरीचे किडे टिपायची, मग पश्चिमेच्या भिंतीतल्या गोल झरोक्यातून बाहेर पडायची. झरोक्याची काच केव्हाच फुटली होती. इतकी जुनी पुस्तकं कसर न लागता टिकली ती ह्या मंडळींच्या कृपेनं, असं आधीचे ग्रंथपाल सांगत. कृपा फुकट नसते. रात्रभर येता-जाता ती खाली लेंड्यांचा सडा टाकत.

सकाळी मावशी मेणकापड चारी कोपऱ्यांनी उचलत, गाठोड्यासारखं मागच्या आवारात नेत आणि झटकत. लेंड्या कोरड्या, तिळाएवढ्या, बोटात धरल्या तर भुगा होणाऱ्या. भुग्यात पाखरांच्या पंखांचे तुकडे चमकत. त्या खतावर आवारातले गुलाब नुसते माजले होते.

त्या सोमवारी सकाळी आठ टेबलं झटकून मावशी नवव्याशी आल्या आणि कोपरा धरायला वाकलेल्या तशाच थांबल्या. मेणकापडावर नेहमीसारखा सडा पडला होता, पण टेबलाच्या कडेला लागून एक जागा मात्र लख्ख होती. तिथे एकही लेंडी नव्हती. आणि त्या जागेला आकार होता.

२

मधे वाटोळं, दोन बाजूंना कमानीसारखे दोन पट्टे. कुणीतरी खुर्चीवर बसून, हातांची घडी टेबलावर घालून, त्यात डोकं खुपसून झोपावं तसा. लहान होता. सहा-सात वर्षांचं मूल असेल एवढा.

मावशी काही भुताखेतांना भिणाऱ्यातल्या नव्हत्या. तीनशे वटवाघळांखाली सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला भूत काय घाबरवणार! त्यांनी सरळ हिशेब मांडला. कुणी वाचक पिशवी विसरला असेल? मग पिशवी कुठे गेली? मांजर बसलं असेल? मांजराला कोपर नसतात. कुणी पोर रात्रभर आत कोंडलं गेलं असेल? त्यांनी कपाटांमागे, जिन्याखाली, मोरीत, सगळीकडे पाहिलं. कुलूप त्यांनीच लावलं होतं, त्यांनीच काढलं होतं.

शेवटी त्यांनी कापड झटकलं. पुरावा गुलाबांना गेला.

"बाई, शनिवारी संध्याकाळी नवव्यावर कोण बसलं होतं हो?" त्यांनी ग्रंथपालबाईंना विचारलं.

"कोणीच नाही. का?"

"सहज."

ग्रंथपालबाई दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या. स्वभावानं चांगल्या, पण नियमावर बोट ठेवून चालणाऱ्या. त्यांच्या हातात एक पत्र होतं. "मावशी, तुमचा त्रास संपला बघा. समितीनं मंजुरी दिली. शुक्रवारी काचवाला येऊन झरोक्याला काच बसवणार. कुणाला इजा नको म्हणून संध्याकाळची वेळ ठरवलीय. सगळी वटवाघळं बाहेर पडली की तुम्ही आतून बॅटरीनं खूण करायची, तो बाहेरून काच बसवेल. तुमच्याइतकं त्यांचं वेळापत्रक कुणाला ठाऊक?"

"सगळी बाहेर पडली की," मावशी म्हणाल्या.

त्यांच्या तोंडाशी आलं होतं की बाई, ह्या दिवसांत सगळी बाहेर पडत नाहीत. पण शिपाईणीचं कोण ऐकतंय, आणि गुडघेही ठणकत होते. त्यांनी शब्द गिळला आणि चहा टाकायला गेल्या.

३

मंगळवारी आकार पुन्हा होता. मोठा झालेला. आता मूल दहा-अकरा वर्षांचं असावं.

बुधवारी तो आणखी वाढला आणि वाटोळ्यापासून डाव्या बाजूला एक लांब, मधेमधे फुगीर असा पट्टा निघाला. मावशींना तो ओळखायला क्षणभर लागला नाही. ती वेणी होती. आणि ती वेणी टेबलावर नेहमी डाव्या बाजूला टाकून झोपणारी एकच मुलगी त्यांना माहीत होती.

त्यांची मुलगी. जन्मल्यापासून तोंड बंद नाही म्हणून घरात तिला सगळे टिटवी म्हणत. बाप तिच्या लहानपणीच गेला, तेव्हा शाळा सुटली की टिटवी थेट वाचनालयात यायची. मेणकापडाचे दोन कोपरे आई धरायची, दोन ती. मग आईचं झाडून होईपर्यंत नवव्या टेबलावर डोकं टेकून झोपून जायची. नवव्यावरच का, तर तिथे प्राण्यांच्या पुस्तकांचं कपाट जवळ होतं.

त्यातलं वटवाघळांचं पुस्तक तिनं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, कारण आईला जोडाक्षरांशी झटापट करावी लागे. वटवाघळाच्या आईला वर्षाला एकच पिल्लू होतं. उघडंनागडं, गुलाबी. आया शिकारीला जातात तेव्हा पिल्लं एकमेकांना चिकटून ऊब धरून लटकतात. आई परतली की त्या शेकडोंच्या गर्दीत आवाजावरून आणि वासावरून नेमकं आपलंच पिल्लू शोधून काढते. आणि अंधारात ती आवाज फेकत उडतात. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की तिथे काय आहे ते त्यांना कळतं. ताणून धरलेला केससुद्धा ती चुकवतात.

"आई, मी अशी गर्दीत लटकत असते तर तू मला ओळखलं असतंस?"

"तुझी टकळी चालू असती तर लगेच."

त्याच मुलीशी सहा वर्षांपूर्वी मावशींचं कडाक्याचं भांडण झालं. तिला परगावी नोकरी लागली होती आणि तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला होता, दोन्ही आईला न विचारता. शब्दानं शब्द वाढला. "तुझ्यासारखी दुसऱ्यांच्या टेबलांवरची घाण काढत जन्म नाही काढणार मी," टिटवी म्हणाली. "मग ह्या घरात पाऊल ठेवू नकोस," मावशी म्हणाल्या. ती निघून गेली. मावशींनी आतून कडी घातली.

जेवणाच्या वेळेला ती परत आली. दारावर तीनदा टकटक झाली. मावशी दारामागेच उभ्या होत्या, हात कडीवर होता. थोडी अद्दल घडू दे, सकाळी उघडू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी दार उघडलं तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं.

त्या टकटकीबद्दल मावशी आजवर कुणाशीही बोलल्या नव्हत्या.

४

गुरुवारी सकाळी मावशी आल्या आल्या नवव्या टेबलापाशी गेल्या. मेणकापडावर मोठी बाई झोपून गेली होती. खांदे रुंद, कोपर टेबलाच्या मध्यापर्यंत पोचलेले. वेणी नव्हती. मानेपर्यंत कापलेल्या केसांची कड तेवढी उमटली होती.

मावशी समोरच्या खुर्चीत बसल्या. वाचकांच्या खुर्चीत त्या सव्वीस वर्षांत कधी बसल्या नव्हत्या.

चार दिवसांत एवढीशी पोर एवढी मोठी झाली. मग उद्या काय? आकार म्हातारा होणार? की कापड भरून जाणार, जणू इथे कधी कोणी नव्हतंच? सकाळचं ऊन दालनात आलं होतं, कोपऱ्यात कुणी वर्तमानपत्र उलटत होतं, आणि मावशींना मात्र समोरचं कापड सोडून काही दिसत नव्हतं. माणूस आपल्याला अशी खूण केव्हा पाठवतं, हा विचार त्या करायला धजत नव्हत्या. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

तीन वर्षांपूर्वी टिटवीनं वाचनालयाच्या फोनवर फोन केला होता. मावशींनी तेव्हाच्या ग्रंथपालांना खुणेनं सांगितलं होतं, नाही म्हणून सांगा. त्यांनी नंबर तेवढा आवक-जावक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होता. मावशींना तो पाठ होता. लावला कधीच नव्हता.

"बाई, एक फोन करू?"

"करा की. विचारताय काय?"

फोन बंद होता. दुपारी बंद, चारला बंद, निघताना बंद. ग्रंथपालबाईंनी मावशींच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. "कुणाचा नंबर आहे?"

"माझ्या मुलीचा," मावशी म्हणाल्या. आपल्याला मुलगी आहे हे त्यांनी ह्या बाईंना पहिल्यांदाच सांगितलं.

५

शुक्रवारी आकार म्हातारा झाला नव्हता. नाहीसाही झाला नव्हता. होता तसाच होता. फक्त दोन हातांच्या घडीच्या आत, छातीशी, आणखी एक स्वच्छ जागा होती. पोळपाटाएवढीही नसेल. वाटोळी, एका टोकाला थोडी निमुळती.

मावशींनी तिच्यावर हात धरला, टेकवला नाही. मेणकापड सकाळचं गार असतं. तेवढ्या जागेतून मात्र तळहाताला ऊब लागत होती. उन्हानं तापलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ऊन अजून तिसऱ्या टेबलापर्यंतच पोचलं होतं.

ते कापड त्यांनी झटकलं नाही. दिवसभर ते टेबल तसंच राहिलं आणि मावशींनी वर पाटी ठेवली, 'दुरुस्ती चालू'. ग्रंथपालबाईंनी पाटी वाचली, मावशींकडे पाहिलं आणि नियमात बसत नसूनही ती तशीच राहू दिली.

६

संध्याकाळी काचवाला आला. शिडी बाहेरच्या भिंतीला लागली. काच मापाची होती, चौकट तयार होती. तो शिडीवर चढला, ग्रंथपालबाई आवारात थांबल्या आणि मावशी बॅटरी घेऊन एकट्या आत.

त्यांनी तेरा टेबलं झाकली. दिवे मालवले. झरोक्यातून मावळतीचा थोडा उजेड येत होता, टेबलांच्या कडा दिसाव्यात इतपत.

आधी पट्टीमागे खसफस झाली. मग एक सुटलं, मग पाच, मग धबधबा. दालन पंखांनी भरून गेलं. गालाला वारा लागत होता पण धक्का कुणाचाच नाही. मावशींना हे रोजचं होतं. समोरून येणारा लोंढा त्यांच्याजवळ आला की मधोमध फाटायचा, त्यांना वळसा घालून मागे पुन्हा एक व्हायचा. पाण्यातल्या दगडाशी होतं तसं.

आज तो लोंढा दोन ठिकाणी फाटत होता.

एकदा मावशींपाशी. आणि एकदा नवव्या टेबलापाशी.

तिथे खुर्ची रिकामी होती. त्यांनी डोळे ताणून पाहिलं, रिकामीच होती. तरी प्रत्येक वटवाघूळ खुर्चीशी येऊन वळत होतं. खांद्याच्या उंचीवर वळत होतं, डोक्याच्या उंचीवर वळत होतं. तीनशे जीव आवाज फेकत होते आणि त्यांचा आवाज कशावर तरी आपटून परत येत होता. त्यांच्या त्या वळणांनीच हवेत कड उमटत गेली. वाकलेली पाठ. झुकलेली मान. काहीतरी छातीशी धरलेले हात.

मावशींना पळावं असं वाटलं आणि पाऊल मात्र पुढे पडलं.

हळूहळू गर्दी विरळ झाली. शेवटची दहा, शेवटची चार, शेवटचं एक. दालन सुन्न झालं. आणि मग वरून, पट्टीमागून, बारीक चिकचिक ऐकू येऊ लागली. शंभर, दोनशे इवलेसे गळे, आया गेल्या की रोज सुरू होणारे. सगळी बाहेर पडलेली नव्हती. ह्या दिवसांत कधीच पडत नसत.

झरोक्याच्या चौकटीवर काचवाल्यानं हातोडीनं ठोकलं. झालं का, असं विचारायला.

ठक. ठक. ठक.

मावशी दारामागे उभ्या होत्या. हात कडीवर होता. ताट वाढलेलं होतं आणि बाहेर पायरीवर त्यांची मुलगी श्वास रोखून उभी होती.

"टिटवे," मावशी म्हणाल्या. आवाज फुटला तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "दार उघडं आहे गं. ये. आत ये."

नवव्या टेबलाची खुर्ची करकरली. तेवढंच. लाकूड संध्याकाळी करकरतंच, थंडाव्यानं आकसतं. मावशींनी तिथवर जाऊन मेणकापड खालपर्यंत सारखं केलं, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. मग त्या दाराकडे धावल्या. गुडघ्यांसकट.

"काच लावू नका! खाली उतरा आधी!"

"मावशी, अहो सगळी गेली ना?" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"आया गेल्या. पोरं आत आहेत. तुम्ही काच लावली की त्या रात्रभर बाहेर डोकं आपटतील आणि ही आत तडफडून मरतील. मला सोमवारीच माहीत होतं. बोलले नाही, माझी चूक. आता बोलतेय. शिडी हलवायची असेल तर मला घेऊन हलवा." आणि त्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

काचवाला वर अडकला. "बाई, मला तरी उतरू द्या. मलाही पोरं आहेत."

शेवटी शिडी आत आली. ग्रंथपालबाई स्वतः वर चढल्या आणि बॅटरीवर रुमाल बांधून पट्टीमागे डोकावल्या. किती तरी वेळ त्या तिथेच होत्या. त्यांच्या कानाजवळून एक आई आत शिरली आणि त्या गुलाबी गर्दीवरून तुरुतुरु चालत गेली. हे नाही, हेही नाही, असं करत एकापाशी थांबली आणि तिनं त्याला पंखाखाली घेतलं.

खाली उतरल्या तेव्हा बाईंचे डोळे भरले होते. "पिल्लं उडायला लागेपर्यंत काच नाही," त्या म्हणाल्या. "त्यानंतरही नाही. समितीला मी बघते."

त्या रात्री मावशींनी घराला कडी घातली नाही.

७

शनिवारी सकाळी नवव्या टेबलावरचं मेणकापड कडेपासून कडेपर्यंत भरलं होतं. बोट ठेवायला जागा नव्हती.

मावशींनी दोनदा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. आकार नव्हता. मोठाही नाही, छोटाही नाही. आपण आत ये म्हटलं आणि ती गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं. फोन अजून बंदच होता. दिवसभर त्यांनी काम केलं, पण कुणाला कुठलं पुस्तक दिलं हे विचाराल तर सांगता येणार नाही. संध्याकाळी वाचक गेले. मावशींनी पहिलं मेणकापड उलगडलं. दाराला आज कुलूप तर नव्हतंच, त्यांनी ते साधं लोटलंही नव्हतं.

"कुलूप लावायला विसरलीस की मुद्दाम?"

मावशींची पाठ दाराकडे होती. आवाज सहा वर्षांत जरा जाड झाला होता. पण हजार आवाजांत तो त्यांनी ओळखला असता.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या, आणि मग वळल्या.

केस मानेपर्यंत कापलेले होते. छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं, आणि गाठोड्याला नाक होतं. मावशींना बोलायचं खूप होतं, निघालं एवढंच, "फोन का बंद तुझा?"

"बाळाच्या टबात पडला. तीन आठवड्यांची आहे, आत्ताच पाणी उडवते." टिटवी हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग दोघीही रडल्या, मधे पोर धरून, अगदी यथेच्छ.

"एकटी आलीस?"

"तुझा जावई बसस्टँडवर बॅगा सांभाळतोय. तू पाऊल ठेवू देशील की नाही म्हणून घाबरलाय." तिनं नाक पुसलं. "आई, हसू नकोस. आठवडाभर मला एकच स्वप्न पडतंय. मी नवव्या टेबलावर झोपलेय. वर पंख वाजतायत. तू एकेक टेबल झाकत येतेस, आठव्याशी थांबतेस आणि दिवे घालवून निघून जातेस. मी हाका मारते, तुला ऐकूच येत नाही. रोज. आधी मी लहान असते, मग मोठी होत जाते. परवा तर ही पण होती माझ्याजवळ."

"आणि काल?"

"काल संध्याकाळी हिला पाजता पाजता डोळा लागला. काल तू मला पांघरूण घातलंस." ती जरा थांबली. "पण आधी हाक मारलीस. जागी झाले आणि ह्यांना म्हटलं, सकाळची पहिली बस."

मावशींना तो आकार सांगायचा तर आधी ती टकटक सांगावी लागली असती. मग त्यांनी तीच सांगितली. दारामागे उभी होते, हात कडीवर होता, ऐकलं होतं.

"माहीत आहे," टिटवी म्हणाली. "दाराखालून तुझी पावलं दिसत होती."

बाळ मधेच कुरकुरलं. तिनं ते नवव्या टेबलावर दुपट्यासकट ठेवलं, पुढे झाली आणि न सांगता मेणकापडाचे दोन कोपरे धरले. दोन आईनं धरले. तेरा टेबलं झाकून झाली तेव्हा काळोख पडायला आला होता. मावशींनी दिवे मालवले आणि दोघी बाळाशेजारी जाऊन बसल्या. पंखांचा लोंढा आला, त्यांच्यापाशी फाटला, तिघींना वळसा घालून मागे पुन्हा एक झाला. बाळ डोळे मोठ्ठे करून वर बघत होतं. मग बाळ उचलल्यावर चौदावं कापडही घातलं आणि दाराला कुलूप लावून, बसस्टँडवरून जावयाला घेऊन त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण मावशींना चैन पडेना. उजाडताच त्या चपला शोधू लागल्या.

"कुठे निघालीस?" टिटवीनं अंथरुणातूनच विचारलं.

"वाचनालयात. बघून येते जरा."

टिटवी उठली. बाळ बापाच्या हातात दिलं आणि ओढणी कमरेला खोचली. "चल. दुसऱ्यांच्या टेबलांवरची घाण काढायला दोघी बऱ्या."

कुलूप काढून मावशी थेट नवव्याशी गेल्या. मग पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत एकेक बघत फिरल्या. सगळी कापडं कडेपासून कडेपर्यंत सारखी भरली होती. कुठेही कुणाची जागा रिकामी नव्हती.

"धर कोपरे," मावशी म्हणाल्या.